पाथरवट मुख्यमंत्री

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राजकीय इतिहासातली एक गोष्ट इतकी सुबक आहे की ती ऐकताच थोडा संशय यावा. टॉमस प्राइस नावाचा एक वेल्श पाथरवट १८८३ साली ॲडलेडला येतो, नॉर्थ टेरेसवर उभ्या राहत असलेल्या संसदभवनाचे दगड घडवायला लागतो आणि बावीस वर्षांनी त्याच भवनात मुख्यमंत्री म्हणून बसतो. शाळेच्या पुस्तकात घालावी, सत्काराच्या भाषणात सांगावी अशी ही गोष्ट आहे. ती खरीही आहे. तरी ती जशी सांगितली जाते तशी मला पटत नाही. कष्ट, चिकाटी आणि सचोटी या तीन शब्दांत ती उरकली की प्राइसला थोर म्हणून मोकळे होता येते आणि खरा प्रश्न बाजूला पडतो. कष्टाळू आणि सचोटीचे पाथरवट त्या काळी जगात लाखोंनी होते. त्यातला हाच सभागृहापर्यंत कसा पोचला?

प्राइसचा जन्म १८५२ सालचा, वेल्समधल्या रेक्सहॅमजवळच्या ब्रिम्बो गावचा. बाप पाथरवट. कुटुंब लिव्हरपूलला गेले, पोराला थोडीफार शाळा मिळाली आणि वयाच्या नवव्या वर्षी हातात टाकी आली. उरलेले शिक्षण रात्री, रविवारच्या शाळेत आणि दारूविरोधी चळवळीच्या सभांत झाले. चारचौघांत उभे राहून बोलायचे कसे, हे त्या काळच्या ब्रिटिश कामगाराला कॉलेजने नव्हे तर असल्या सभांनी शिकवले. तिशी गाठेपर्यंत त्याच्या छातीने मात्र दगा दिला. दगडाची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की काय होते हे पाथरवटांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. त्यात टाकी चालवणाऱ्याच्या छातीचा विचार नाही. कोरड्या, उबदार हवेत बरे वाटेल या आशेने प्राइस ऑस्ट्रेलियाला निघाला. राजकारण त्याच्या मनात असल्याची खूण कुठे दिसत नाही.

ॲडलेडला त्याला काम लगेच मिळाले आणि इथून त्याच्या गोष्टीत त्याच्या अंगच्या गुणांपेक्षा त्या वसाहतीतल्या व्यवस्थेचा भाग मोठा होत जातो. पाथरवट हा ऑस्ट्रेलियातल्या कामगारांमधला सर्वांत ताठ मानेचा वर्ग. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या बांधकामावरची हत्यारे खाली ठेवली, थेट संसदभवनाच्या कामापर्यंत मोर्चा नेला आणि पगार न कापता आठ तासांचा दिवस मिळवला. मे दिनाशी जोडली जाणारी शिकागोच्या हे मार्केटची घटना याच्यानंतर तीस वर्षांनी घडली. हे धाडस त्यांना परवडले, कारण इमारती झपाट्याने उठत होत्या, दगड घडवणारे हात थोडे होते आणि मुकादमाने आज एकाला काढले तर उद्या सकाळी दुसरा मिळेलच याची खात्री नव्हती. शिवाय दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८७६ सालीच कामगार संघटनांना कायद्याने मान्यता दिली होती. तिथे संघटनेचा सभासद होणे हा कट मानला जात नव्हता.

१८९१ च्या सुमाराला प्राइस पाथरवट आणि गवंड्यांच्या संघटनेचा चिटणीस झाला. हे पद बाहेरून दिसते त्यापेक्षा मोठे. चिटणिसाने वर्गणी गोळा करायची, तिचा हिशेब पै-पैने ठेवायचा, आजारी सभासदाला किती आणि किती दिवस मदत द्यायची ते ठरवायचे, सभेचे इतिवृत्त लिहायचे, ठेकेदाराशी दराची बोलणी करायची आणि मग जे पदरात पडले ते आपल्याच माणसांच्या गळी उतरवायचे. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. ठेकेदाराशी भांडताना पाठीशी लोक असतात. तडजोड घेऊन परतताना समोर तेच लोक असतात. मंत्र्याला जे यावे लागते ते जवळपास सगळे इथे शिकायला मिळते, आणि चूक झाली तर दाद मागणारा माणूस उद्या शेजारीच दगडावर बसलेला असतो. आमदारकीसाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. त्याच काळात इझलिंग्टनच्या रेल्वे कारखान्याच्या बांधकामावर देखरेख करण्याचे कामही प्राइसकडे आले, म्हणजे मजुराची आणि कामावर लक्ष ठेवणाऱ्याची अशा दोन्ही बाजू त्याने जवळून पाहिल्या.

१८९० साली जहाजांवरच्या आणि गोद्यांतल्या कामगारांचा मोठा संप सगळ्या ऑस्ट्रेलियन वसाहतींमध्ये फसला. संपाने जे मिळत नाही ते कायद्याने मिळवावे, असा निष्कर्ष संघटनांनी काढला आणि १८९१ च्या जानेवारीत ॲडलेडच्या कामगार मंडळाने संयुक्त मजूर पक्ष उभा केला. त्याच वर्षी या पक्षाचे तीन उमेदवार निवडून आले आणि तेही मालमत्तेची अट असलेल्या वरच्या सभागृहात. गमतीची वाटावी अशी ही घटना आहे, पण तिच्यात सगळे मर्म आहे. त्या वसाहतीतला कुशल कारागीर इतका मिळवत होता की त्याच्या घराचे भाडे त्याला वरच्या सभागृहाचा मतदार करायला पुरत होते. मजूर पक्ष हा तिथल्या सर्वांत गरिबांचा पक्ष म्हणून जन्मला नाही. तो नेहमी काम मिळणाऱ्या, हिशेब कळणाऱ्या, चार पैसे गाठीला असणाऱ्या कामगारांचा पक्ष म्हणून जन्मला.

आणखी एक गोष्ट घडलेली होती आणि तिच्याशिवाय बाकीचे सगळे व्यर्थ गेले असते. १८८७ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियात आमदारांना वर्षाला २०० पौंड मानधन मिळू लागले होते. प्राइससारख्या माणसाला हातातले काम टाकून सभागृहात बसता आले ते या दोनशे पौंडांमुळे. लोकशाहीची जन्मभूमी म्हणवणाऱ्या ब्रिटनने आपल्या खासदारांना पगार दिला तो १९११ साली. तोवर तिथल्या मजूर खासदाराला संघटनेच्या वर्गणीवर जगावे लागत असे. लोकप्रतिनिधींच्या पगाराची चर्चा आपल्याकडे निघाली की मध्यमवर्ग नाक मुरडतो. आजच्या आकड्यांकडे पाहता त्याचे फारसे चुकत नाही, पण हे तत्त्व ज्यांच्यासाठी आले ते लोक कोण होते याचा आपल्याला विसर पडला आहे. फुकट सेवा करणारे सभागृह हे फुकट सेवा परवडणाऱ्यांचे सभागृह असते.

१८९३ साली प्राइस स्टर्ट मतदारसंघातून निवडून आला. त्याचा पहिला नेता जॉन मॅक्फर्सन छापखान्यातला कामगार. तो १८९७ साली वारला. त्याच्यानंतरचा एगर्टन बॅचलर रेल्वेच्या इंजिनांचा फिटर. १८९९ साली नेतेपद प्राइसकडे आले. त्याच्यानंतरचा जॉन व्हेरन मूंटाच्या तांब्याच्या खाणीतला. छपाई कामगार, फिटर, पाथरवट, खाणकामगार. या ओळीत एकही वकील नाही, एकही डॉक्टर नाही.

प्राइस नेता झाला त्याच वर्षी, १८९९ च्या डिसेंबरात, शेजारच्या क्वीन्सलंडमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले होते. जगातले ते पहिले. ते आठवडाभर टिकले. १९०४ साली ऑस्ट्रेलियन संघराज्याच्या पातळीवर मजूर पक्षाच्या वॉटसनचे सरकार चार महिने चालले. १९०५ च्या जुलैमध्ये प्राइसने सत्ता घेतली तेव्हा मजूर पक्ष फार काळ राज्य चालवू शकतो हे कुठेच सिद्ध झालेले नव्हते. त्याच्याकडे बहुमतही नव्हते. आर्चिबाल्ड पीक नावाच्या उदारमतवादी नेत्याचा लहान गट सोबत घेऊन त्याने आघाडी केली. मंत्री चार, दोन मजूर पक्षाचे आणि दोन उदारमतवादी. प्राइसचा दुसरा मजूर सहकारी अँड्र्यू कर्कपॅट्रिक, तोही छापखान्यातलाच. हे सरकार प्राइसच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षे चालले.

या चार वर्षांतले बरेच काम चांगले पण साधे आहे. पिळवणुकीच्या धंद्यांत किमान दर ठरवणारी वेतन मंडळे नीट चालू लागली. ॲडलेडमध्ये सरकारी माध्यमिक शाळा उभी राहिली. खासगी कंपन्यांच्या घोड्यांच्या ट्रामी विकत घेऊन त्या सार्वजनिक न्यासाच्या हाती दिल्या गेल्या आणि तिथे विजेच्या ट्रामी आल्या. मला जास्त वेळ थांबावेसे वाटते ते वरच्या सभागृहाच्या प्रकरणापाशी, कारण तिथे चिटणीस प्राइस आणि मुख्यमंत्री प्राइस एकमेकांत मिसळलेले दिसतात.

खालच्या सभागृहासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियात प्रत्येक प्रौढाला मत होते, १८९४ पासून स्त्रियांनाही. निवडणूक लढवण्याचा हक्कही स्त्रियांना तिथे त्याच कायद्याने मिळाला. वरच्या सभागृहाचे दार मात्र मालमत्तेच्या कुलपाने बंद होते आणि खालच्या सभागृहाचा कोणताही कायदा ते अडवू शकत होते. प्राइसने ही अट सैल करण्याची मागणी केली. वरच्यांनी ती फेटाळली. प्राइसने सभागृह विसर्जित करून १९०६ साली निवडणूक घेतली, तीत त्याची ताकद वाढली आणि तो पुन्हा वाटाघाटीला बसला. शेवटी घराच्या वार्षिक भाड्याची अट २५ पौंडांवरून १७ पौंडांवर आली. त्याच्याच पक्षातल्या अनेकांना हा आकडा अपमानास्पद वाटला. प्रौढ मताधिकार मागायचा आणि सतरा पौंडांवर समाधान मानायचे?

हा सौदा ठेकेदाराच्या टेबलावरचा आहे. दिवसाला बारा शिलिंग मागायचे, दहावर सह्या करायच्या आणि पुढच्या हंगामात पुन्हा बोलणीला यायचे, ही संघटनेची रीत. प्राइसने ती राज्यघटनेला लावली. पक्षातल्या कडव्यांचा राग मला समजतो, पण त्यांचे विश्लेषण मला मान्य नाही. त्याच्या वारसाने दुसरा मार्ग चोखाळून पाहिला. १९१० साली व्हेरनने आघाडीशिवाय, स्वतःच्या बहुमतावर सरकार बनवले. सरकारी वीटभट्टीची तरतूद त्याने अर्थविधेयकात घातली, वरच्या सभागृहाने ते विधेयकच अडवले, आणि व्हेरनने चिडून थेट लंडनच्या सरकारला घटना बदलायची विनंती केली. लंडनने हात वर केले. १९१२ च्या निवडणुकीत व्हेरन हरला आणि भाड्याची अट जागच्या जागी राहिली. सतरा पौंडांनी काही हजार घरांना मत दिले. वीटभट्टीने कुणालाच काही दिले नाही.

तरी प्राइसच्या बाजूने निकाल देताना माझा हात थोडा अडखळतो. चिटणिसाच्या सौद्याला पुढचा हंगाम असतो, हे गृहीत आहे. घटनेच्या सौद्याला तो असेलच असे नाही. एकदा तडजोड झाली की तीच व्यवस्था होऊन बसते आणि तिच्यावर सही करणारा कामगार पक्ष असल्यामुळे तिला एक प्रकारचा मानही मिळतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वरच्या सभागृहातली मालमत्तेची अट पूर्णपणे गेली ती १९७३ साली. प्राइसचा सौदा त्याच्या काळी बरोबर होता आणि त्याच्या पक्षाने तो पुढे साठ-पासष्ट वर्षे उरावर बाळगला, ही दोन्ही विधाने मला एकाच वेळी खरी वाटतात.

१९०९ च्या मार्चच्या ९ तारखेला ॲडलेडची पहिली विजेची ट्राम धावली. ती चालवली प्राइसच्या पत्नीने, ॲन प्राइसने; शेजारी मुख्य अभियंता उभा होता. पाथरवटाची बायको शहराची पहिली विजेची ट्राम हाकते आहे, हा त्या सरकारचा बहुधा सर्वांत आनंदाचा दिवस. तीन महिन्यांच्या आत, ३१ मे रोजी प्राइस मरण पावला. मधुमेह होता आणि लिव्हरपूलपासून सोबत आलेले छातीचे दुखणे होते. वय ५७. मजूर पक्षाने व्हेरनला नेता निवडले, तेव्हा पीकने त्याच्या हाताखाली काम करायला नकार दिला, स्वतः मुख्यमंत्री झाला आणि पुढे उजव्या गटांशी एकत्र आला. म्हणजे ही आघाडी दोन पक्षांची नव्हतीच, ती एका माणसाच्या शब्दावर उभी होती. संघटनेच्या शाळेत शिकलेल्या माणसाने संस्था मागे ठेवावी अशी अपेक्षा असते. राजकीय आघाडीच्या बाबतीत प्राइसला ते जमले नाही.

आता या गोष्टीतला तो भाग, जो मराठी वाचकाने डोळ्यांआड करू नये. ज्या कुंपणाने पाथरवटाला भाव दिला, तेच कुंपण पुढे रंगावर उभे राहिले. कामगार थोडे असले की दर टिकतो, हा कारागिराच्या संघटनेचा पाया. मग स्वस्त हात बाहेर ठेवायचे, आणि स्वस्त म्हणजे आशियाई, असा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या मजूर चळवळीने मांडला. १९०१ च्या प्रवेशबंदी कायद्याने उतरणाऱ्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा मजकूर लिहायला सांगण्याची मुभा अधिकाऱ्याला दिली. १९०२ च्या कायद्याने आशियाच्या मूळ रहिवाशांना संघराज्याच्या मतदानातून वगळले, १९०३ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व नाकारले. हे कायदे संघराज्याचे, प्राइसच्या सरकारचे नव्हेत. पण त्याचा पक्ष या धोरणाचा खंदा पाठीराखा होता. आणि हे कुणाला लागू होत होते? १८६५ च्या अखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट ऑगस्टाला उंटांचा मोठा तांडा उतरला तो कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून. उंटवाल्यांनी पुढची कित्येक दशके वाळवंटातल्या वस्त्यांना धान्य, तारेचे खांब, रुळांचे सामान पोचवले. ॲडलेडमध्ये १८८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मशीद बांधली. त्यांचे कामही कौशल्याचे होते आणि तेही हाताने काम करणारेच लोक होते. संसदभवन घडवणाऱ्या हातांच्या गौरवात या हातांना जागा नव्हती. पाथरवटाच्या विजयाची किंमत काही अंशी त्यांनी भरली आहे. ती वजा करूनच प्राइसचे मोठेपण मोजावे, आणि वजा केल्यावरही ते बरेच उरते.

आपल्याकडे पाहिले तर दगडाच्या खाणी होत्या, कामगार होते, नेतेही झाले. घाटकोपरच्या दगडखाणींतल्या मजुरांना १९६० च्या दशकात दत्ता सामंत मिळाले. पण सामंत त्या खाणीत काम करणारे नव्हते, ते तिथल्या मजुरांवर उपचार करणारे डॉक्टर होते. पुढे ते आमदार झाले, खासदार झाले, १९८२ चा गिरणी संप त्यांनी चालवला. त्यांच्या आधीची परंपराही तशीच. १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे कामगारांच्या फार जवळचे, पण यंत्रावरचे नव्हेत. ते स्टोअरकीपर होते आणि ‘दीनबंधु’चे संपादक होते. ना. म. जोशी मध्यवर्ती विधिमंडळात वर्षानुवर्षे कामगारांच्या बाजूने बोलले, ते सरकारने नेमलेले सभासद म्हणून. कम्युनिस्ट पुढारी डांगे कॉलेजातून आले. या माणसांविषयी मनात आदरच आहे. प्रश्न त्यांचा नाही, यंत्रावरच्या माणसाचा आहे.

यंत्रावरची माणसे पुढे आली नाहीत असेही नाही. गिरणी कामगार अर्जुन आळवे १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी त्यांना मीरतच्या कटाच्या खटल्यात आरोपी म्हणून नेण्यात आले. ॲडलेडचा संघटनेचा चिटणीस सभागृहात गेला. मुंबईचा अध्यक्ष आरोपीच्या पिंजऱ्यात गेला. दोघांतला फरक अंगच्या कर्तबगारीचा मुळीच नव्हता. एका ठिकाणी संघटना कायदेशीर होती, मत होते, आमदाराला पगार होता आणि कारागीर दुर्मीळ होता. दुसऱ्या ठिकाणी गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगारांची रांग उभी होती आणि भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर होती.

हल्ली कामगारांतून नेतृत्व का येत नाही, असा प्रश्न आपल्याकडच्या चर्चासत्रांत वारंवार विचारला जातो. त्याच्या उत्तरात शिक्षणाचा अभाव, जातीची फूट, राजकीय पक्षांची घुसखोरी अशी यादी येते. यादी चुकीची नाही. पण प्राइसची हकीकत वाचल्यावर मला वाटते की आपण आधी तीन साधे प्रश्न विचारावेत. या कामगाराला संघटनेचे काम केल्याबद्दल उद्या कामावरून काढता येते का? निवडणुकीला उभा राहिला तर तोवर त्याचे घर कशावर चालेल? आणि हिशेब, सौदा आणि तडजोड शिकवणारे चिटणीसपद त्याच्या वाट्याला येते का, की ते एखाद्या वकिलाकडेच राहते? १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या उद्योगातले असावेत असे सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या संघटनांत बाहेरच्यांची संख्या एक तृतीयांश किंवा पाच, यांतली जी कमी असेल तेवढ्यावर आणली. बाहेरच्याला कमी करण्याची कलमे झाली. आतल्याला उभे करायला लागणारी कामाची शाश्वती मात्र याच काळात कंत्राटी पद्धतीने काढून घेतली.

ऑस्ट्रेलियातही ही वाट आता बंद होत आली आहे. १९४५ साली पंतप्रधान झालेला बेन चिफ्ली रेल्वेचे इंजिन चालवलेला माणूस होता; १९८३ साली कामगार महासंघाच्या अध्यक्षपदावरून येऊन पंतप्रधान झालेला बॉब हॉक ऑक्सफर्डला शिकलेला. हॉकने संघटनेसाठी खूप काही केले, पण त्याने दगड घडवला नव्हता आणि इंजिनही चालवले नव्हते. त्या देशाच्या मजूर पक्षात आज संघटनांचे अधिकारी भरपूर आहेत, हातावरचे घट्टे मात्र फारसे नाहीत. प्राइससारखे लोक पुन्हा व्हावेत असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याच्या पुतळ्यासाठी वर्गणी काढू नये. आपल्या शहरात नालेसफाई, सुरक्षा, बांधकाम या कामांत कंत्राटावर राबणाऱ्या माणसांची एखादी संघटना शोधावी आणि तिच्या चिटणिसाची नोकरी टिकेल यासाठी काय करता येईल ते पाहावे.